फरक

विद्यापीठाची पिकअप मी चालवायचो.
पांढरी, दारावर शिक्का, मागच्या काचेला तडा.
गुरुवारी पहाटे कुमासी सोडायचं,
मग ओफिन नदीच्या काठाकाठानं सहा गावं.
पलीकडे डॉक्टर अग्यापोमा,
आणि आमच्या दोघांमध्ये, पट्टा बांधून बसवलेली
नमुन्यांची थंड पेटी.
खड्डा आला की बाई आधी पेटीला धरायच्या,
मग स्वतःला.

मलमाच्या डब्या, लाल झाकणाच्या आणि निळ्या.
एकीत पानांचा अर्क,
प्रयोगशाळेत उकळून, गाळून, उंदरांवर लावून झालेला.
दुसरीत नुसतं शिया बटर.
कुठल्या झाकणाखाली काय, हे बाईंनाही माहीत नव्हतं.
ते एका पाकिटात होतं आणि पाकीट तिजोरीत.
"डॉक्टरलाच ठाऊक नाही?" म्हातारे हसायचे.
मी सांगायचो, ठाऊक नसणं हेच तर त्यांचं काम.
वाक्य बाईंचं. पण चार वर्षं वापरलं,
आता माझंच म्हणा.

गोळ्या सगळ्यांना मिळायच्या. प्रश्न फक्त मलमाचा होता.
जखमेवर पारदर्शक कागद धरून
बाई तिच्या कडेनं रेघ ओढायच्या,
कोपऱ्यात नंबर, तारीख.
दर गुरुवारी रेघ आत सरकायची,
पूर ओसरताना तळ्याची सरकते तशी.
पोरं हात हलवायची. मी त्यांना माकडाचे आवाज काढून दाखवायचो.
हे कुठल्याच अहवालात नाही.

आणि खरं सांगतो,
मी मनातून लालच्या बाजूचा होतो.
फुटबॉल बघतो तसा.

पाकीट फुटलं ते हारमॅटनच्या दिवसांत,
टेबलावर, फायलींवर, दातांत धूळ.
दोनशे चौदा माणसं.
लाल, अकरा आठवडे.
निळं, अकरा आठवडे.
फरक पडला नाही.

हेच शब्द माणूस खांदे उडवून म्हणतो.
बाईंनी खांदे उडवले नाहीत.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
मग निबंध लिहिला. तो तीन ठिकाणांहून परत आला.
एकानं लिहिलं होतं, काम नीटनेटकं आहे,
पण वाचकांना यात काय मिळणार?

"गुरुवारी निघायचं," बाई म्हणाल्या.
प्रकल्प संपला होता. डिझेल त्यांनी भरलं.

वाळत घातलेल्या कोकोच्या चटयांशेजारी
बाकं मांडली. आंबूस वास, माशा.
बाई उभ्या राहून म्हणाल्या,
हे मलम चालत नाही.
कुणी विकायला आलं तर घेऊ नका.
गोळ्या चालतात. गाठ दिसली की लगेच या.

ओपान्यिन द्वुम्फूर बराच वेळ काठीनं माती उकरत होते.
"चार वर्षं हिंडून 'नाही' आणलंत?"
"हो."
"एवढ्या लांबून 'नाही' सांगायला
आजवर कुणी आलेलं नाही," ते म्हणाले.
"'हो' सांगणारे रोज येतात, भोंगा लावून."
आणि त्यांनी आमच्यासाठी शहाळी उतरवायला सांगितली.

नंबर सत्त्याऐंशी, बोआचिए,
तेव्हा सहा वर्षांचा होता, निळ्या झाकणाचा.
त्यानं आपला कागद मागितला.
बाईंकडे सगळे होते, खोक्यात, तारखेनं लावलेले.
पहिल्या दिवसाचा काढून दिला.
त्यानं तो कोपराखालच्या व्रणावर ठेवला,
फिरवला, ताणून बघितला, पुन्हा फिरवला.
रेघ जुळेना.
हात वाढला होता, आणि हाताबरोबर व्रणही.

"हा माझा नाही," पोरगं म्हणालं.
बाईंनी सवयीनं पेन काढलं.
मग माझ्याकडे वळून विचारलं,
आज तारीख काय?